वर्दीतलं शिक्षण, पदवीचे श्रेयांक

१९६५ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी एक नवा वर्ग सुरू केला. विद्यार्थी फक्त चार आणि चौघेही नौदलातून बाहेर पडलेले ‘हॉस्पिटल कोअरमन’. जहाजावर आणि लढाईच्या मैदानात जखमींवर पहिले उपचार करणं हे त्यांचं काम. वाहतं रक्त थांबवायचं, जखम बांधायची, सलाइन लावायचं, कोणाला आधी हलवायचं ते क्षणात ठरवायचं, हे सगळं ते नोकरीत शिकले होते. नागरी जीवनात परतल्यावर मात्र या शिक्षणाला कुठेच जागा नव्हती. महाविद्यालयाच्या लेखी त्यांचं शिक्षण झालेलंच नव्हतं आणि रुग्णालयात त्यांना फार तर मदतनिसाचं काम मिळालं असतं.

त्याच वेळी अमेरिकेत डॉक्टरांचा तुटवडा होता. स्टेड यांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. या जवानांना काय येतं ते त्यांनी आधी मान्य केलं आणि काय येत नाही ते दोन वर्षांत शिकवलं. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी तिघे जण उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. ‘फिजिशियन असिस्टंट’ हा नवा व्यवसाय तिथून सुरू झाला. आज अमेरिकेत या व्यवसायात दीड लाखाहून अधिक लोक आहेत.

स्टेड यांनी सरसकट सवलत दिली नाही, आणि अनुभवाकडे दुर्लक्षही केलं नाही. त्यांनी मोजमाप केलं. सैन्यातल्या अनुभवाचे पदवीसाठी श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, कसे मिळतात हे समजून घ्यायचं तर ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. श्रेयांक सेवेच्या वर्षांना मिळत नाहीत. त्या वर्षांत माणूस जे शिकला आणि जे तपासून पाहता येतं, त्याला ते मिळतात.

सरसकट गुणांचा धडा

हे शहाणपण अमेरिकेला एकदम आलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर घरी आलेल्या सैनिकांना तिथल्या अनेक महाविद्यालयांनी केवळ सेवेबद्दल ठोक श्रेयांक देऊन टाकले. भावना चांगली होती. पण आघाडीवर तारयंत्र चालवणारा, तोफखान्याची गणितं करणारा आणि छावणीत स्वयंपाक करणारा, या तिघांनाही सारखंच माप मिळालं. विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसवलं, पण त्या वर्गासाठी लागणारा पाया त्याच्याकडे आहे का, हे कोणी पाहिलं नाही. त्यातून पदवीची किंमत घसरली आणि सैनिकाचंही भलं झालं नाही.

दुसऱ्या महायुद्धात हीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून शिक्षणसंस्था वेळीच एकत्र आल्या. ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ ही महाविद्यालयांची मध्यवर्ती संस्था पुढे झाली. १९४२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात लष्करासाठी पत्राद्वारे शिक्षण देणारी संस्था उघडली. पुढच्याच वर्षी तिला ‘युनायटेड स्टेट्स आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट’ हे नाव मिळालं. पॅसिफिकमधल्या एखाद्या बेटावरचा सैनिक टपालाने धडे मागवायचा आणि उत्तरं लिहून परत पाठवायचा. शाळा अर्धवट सोडून भरती झालेल्यांसाठी १९४२ मध्येच ‘जीईडी’ या परीक्षा तयार झाल्या. आज अमेरिकेत शाळा सुटलेला कोणीही प्रौढ माणूस ज्या परीक्षेने शालान्त शिक्षणाची बरोबरी सिद्ध करतो, ती मुळात सैनिकांसाठी निघाली होती.

सर्वांत महत्त्वाचं काम इलिनॉय विद्यापीठाचे कुलसचिव जॉर्ज टटल यांच्या संपादनाखाली झालं. सैन्यातल्या एकेका प्रशिक्षणवर्गात काय शिकवतात, किती तास शिकवतात आणि महाविद्यालयातल्या कोणत्या विषयाशी ते जुळतं, याची सूची त्यांनी तयार करवली. महाविद्यालयाच्या कार्यालयात माजी सैनिक आला की कारकुनाने ती सूची उघडायची आणि त्याच्या प्रशिक्षणाची नोंद शोधायची. ही सूची पुढे अनेक दशकं वाढत गेली आणि आता संगणकावर उपलब्ध आहे.

हॉटेलातल्या कागदांवरचा कायदा

मोजमापाची सोय झाली तरी फी कोण भरणार, हा प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर ‘जी. आय. बिल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या कायद्याने दिलं. त्याचा पहिला मसुदा हॅरी कोलमेरी या वकिलाने वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात हॉटेलच्याच कागदांवर हाताने लिहिला. कोलमेरी माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेचे माजी प्रमुख होते. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कायद्यावर सही केली. शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि वर निर्वाहभत्ता अशी त्यात तरतूद होती. त्या काळी एवढ्या रकमेत नामांकित विद्यापीठाचीही फी भागत असे.

सगळे विद्वान या कायद्यावर खूश नव्हते. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स आणि हार्वर्डचे जेम्स कोनंट या दोघांनाही वाटत होतं की अभ्यासाची कुवत नसलेल्यांचे लोंढे येतील आणि विद्यापीठांचा दर्जा ढासळेल. घडलं ते उलटंच. घरसंसार असलेले, वय वाढलेले हे विद्यार्थी वर्गातल्या कोवळ्या मुलांपेक्षा जास्त नेटाने अभ्यास करताना दिसले. १९४७ साली अमेरिकी महाविद्यालयांत प्रवेश घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख जणांनी या कायद्याखाली शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं आणि त्यांतले सुमारे २२ लाख महाविद्यालयांत शिकले. महाविद्यालय ही मोजक्या घराण्यांची मिरास राहिली नाही, याचं मोठं श्रेय या कायद्याला जातं. अर्थात दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेद पाळणारी विद्यापीठं कृष्णवर्णीय सैनिकांना दारात उभं करत नव्हती, म्हणून तोच हक्क त्यांच्या हाती फार थोडा पडला. कायदा सगळ्यांसाठी होता, दारं सगळ्यांसाठी उघडी नव्हती, हेही या इतिहासाचाच भाग आहे.

मोजतात कसं

आजची पद्धत अशी आहे. सैन्यातला एखादा प्रशिक्षणवर्ग घ्या. महाविद्यालयांत प्रत्यक्ष शिकवणारे त्या विषयाचे प्राध्यापक तो तपासतात. अभ्यासक्रम, पाठ्यसाहित्य, वर्गाचे आणि प्रात्यक्षिकाचे तास, परीक्षेची रीत हे सगळं ते पाहतात. मग ते शिफारस करतात की हा वर्ग महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचा आहे की वरच्या वर्षांच्या, कोणत्या विषयात बसतो आणि किती श्रेयांकांच्या तोलाचा आहे. नुसत्या वर्गांचंच नव्हे, तर सैन्यातल्या कामाचंही असं मूल्यमापन होतं. एखाद्या हुद्द्यावर, एखाद्या ट्रेडमध्ये काम करताना माणसाला काय यायला लागतं, हेही तपासलं जातं.

या शिफारशी ज्या कागदावर एकत्र येतात त्याला ‘जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्स्क्रिप्ट’ म्हणतात. भूदल, नौदल, मरीन आणि तटरक्षक दल यांच्यासाठी ही एकच गुणपत्रिका आहे. पूर्वी प्रत्येक दलाची नोंदीची पद्धत निराळी असल्याने महाविद्यालयांचा गोंधळ होई. हवाई दलाने वेगळी वाट धरली. १९७२ साली त्यांनी स्वतःचंच ‘कम्युनिटी कॉलेज ऑफ द एअर फोर्स’ काढलं. विमानाच्या इंजिनाची देखभाल शिकणारा जवान तिथे दोन वर्षांच्या पातळीची पदवी मिळवतो.

ज्याचा कुठलाही वर्ग झालेला नाही, पण वाचून किंवा काम करून जो विषय शिकला आहे, त्याच्यासाठी परीक्षा आहेत. ‘क्लेप’ ही परीक्षा १९६७ पासून चालू आहे. इतिहास, बीजगणित, मानसशास्त्र, स्पॅनिश असे तीसहून अधिक विषय त्यात आहेत. साधारण दीड तासाचा पेपर उत्तीर्ण झाला की बहुतेक विषयांत तीन किंवा अधिक श्रेयांक मिळू शकतात. ‘डीएसएसटी’ ही अशीच दुसरी परीक्षामाला आहे, तिचा जन्म सैन्यातच झाला. सेवेतल्या जवानाची या परीक्षांची पहिल्या प्रयत्नाची फी सरकार भरतं. सत्राची फी आणि चार महिन्यांचा वेळ वाचवणारी याहून स्वस्त वाट दुसरी नाही.

मान्य झाले, पण लागू झाले का?

इथे बहुतेक जवानांची निराशा होते. शिफारस ही शिफारसच असते. अंतिम निर्णय महाविद्यालयाचा. आणि महाविद्यालयाने श्रेयांक ‘मान्य’ करणं वेगळं, ते त्याच्या पदवीला ‘लागू’ होणं वेगळं. रेल्वेचं तिकीट खिशात असावं पण डब्यात जागा राखलेली नसावी, तशी गत होते. प्रवासाचा हक्क मिळालेला असतो, बसायची सोय झालेली नसते.

आकड्यांत पाहू. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० श्रेयांक लागतात. त्यांचे तीन भाग पडतात. भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे सर्वांसाठीचे विषय हा पहिला भाग. मुख्य विषयाचे अभ्यासक्रम हा दुसरा. उरलेली जागा विद्यार्थ्याला आवडेल त्या विषयांची, म्हणजे मुक्त निवडीची. समजा, एका जवानाच्या सैनिकी गुणपत्रिकेवर ४० श्रेयांकांची शिफारस आहे. त्यात शारीरिक शिक्षण, प्रथमोपचार, नेमबाजी, नकाशावाचन, नेतृत्व आणि वाहन दुरुस्ती आहे. त्याने संगणकशास्त्राला प्रवेश घेतला. महाविद्यालयाने चाळीसही श्रेयांक मान्य केले, पण संगणकशास्त्राच्या आराखड्यात मुक्त निवडीला जागाच बाराची. म्हणजे लागू झाले बारा आणि अठ्ठावीस कागदावर राहिले. त्याच जवानाने व्यवस्थापनाची किंवा उपयोजित तंत्रज्ञानाची पदवी निवडली असती, तर नेतृत्वाचे श्रेयांक मुख्य विषयात गेले असते आणि वाहन दुरुस्तीचेही कदाचित कामी आले असते.

वैद्यकीय क्षेत्रात ही तफावत अधिकच बोचते. अमेरिकी भूदलाच्या ‘कॉम्बॅट मेडिक’चं प्रशिक्षण टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथे होतं आणि त्यात रुग्णवाहिकेवरच्या तंत्रज्ञाची राष्ट्रीय पातळीची परीक्षाही द्यावी लागते. तरीही परिचर्येच्या पदवीला आला की शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय त्याला पहिल्यापासून करावे लागतात. त्यातल्या काही गोष्टी त्याला खरंच येत नसतात, काही त्याला शिक्षकाइतक्या येतात. दोन्ही वेगळ्या काढून, उरलेलंच शिकवणारा सेतू अभ्यासक्रम जिथे आहे, तिथे त्याचं एक वर्ष वाचतं. जिथे नाही, तिथे अनेक जण कंटाळून सोडून देतात.

श्रेयांक लागू होण्याला आणखी एक मर्यादा आहे. पदवी देणारं महाविद्यालय म्हणतं, थोडं तरी आमच्याकडे शिका. सैनिकांशी करार केलेल्या महाविद्यालयांत ही अट साधारण पाव हिश्श्याची असते, म्हणजे १२० पैकी ३० श्रेयांक. उरलेले ९० सैन्यातून, परीक्षांतून किंवा दुसऱ्या महाविद्यालयांतून आणता येतात. १९७२ साली ‘सर्व्हिसमेंबर्स अपॉर्च्युनिटी कॉलेजेस’ या नावाने महाविद्यालयांची जी साखळी उभी राहिली, तिचा मुख्य आग्रह हाच होता. जवानाची बदली झाली म्हणून त्याची आधीची मेहनत वाया जाऊ नये, अशी ही व्यवस्था होती.

पडद्यावरचा वर्ग

बदली हाच सैनिकाच्या शिक्षणातला मोठा अडसर. दोन-तीन वर्षांनी ठाणं बदलतं, मधेच मोहिमेवर जावं लागतं, पाणबुडीवर गेला तर आठवडेच्या आठवडे बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. म्हणून सैनिकाचं शिक्षण आधी टपालाने, मग तळांवर जाऊन आणि शेवटी ऑनलाइन झालं. मेरीलँड विद्यापीठाने १९४९ मध्ये आपले प्राध्यापक जर्मनीतल्या अमेरिकी तळांवर पाठवले. दिवसा ड्यूटी आणि संध्याकाळी तिथल्याच एखाद्या खोलीत वर्ग. तीच शाखा आज ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड ग्लोबल कॅम्पस’ या नावाने मुख्यतः ऑनलाइन शिकवते. मरीनमधून निवृत्त झालेल्या जेम्स एटर या अधिकाऱ्याने १९९१ साली ‘अमेरिकन मिलिटरी युनिव्हर्सिटी’ काढली, ती तर दूरशिक्षणासाठीच होती.

याआधीच, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तीन संस्था वेगळ्याच हेतूने उभ्या राहिल्या होत्या. न्यूयॉर्कची एक्सेल्सियर, न्यू जर्सीची थॉमस एडिसन आणि कनेक्टिकटची चार्टर ओक. प्रौढ माणसाने ठिकठिकाणी मिळवलेलं शिक्षण गोळा करायचं आणि त्याची पदवी बांधून द्यायची, हेच त्यांचं काम. स्वतः वर्ग घेण्यापेक्षा जुळवाजुळव करण्यावर त्यांचा भर. ज्या जवानाच्या हाती चार तळांवरच्या चार महाविद्यालयांचे तुकडे आहेत, त्याला अशी संस्था सर्वांत जास्त कामाची.

ऑनलाइन पदवीचे सैनिकाला खरे फायदे दोन. व्याख्यान त्याच्या ड्यूटीच्या वेळेनुसार ऐकता येतं आणि आठ आठवड्यांची छोटी सत्रं असल्याने एका वेळी एकच विषय धरता येतो. तोटाही लक्षात घ्यावा. अमेरिकेच्या आजच्या कायद्याखाली पूर्णपणे ऑनलाइन शिकणाऱ्याला घरभाडेभत्ता राष्ट्रीय सरासरीच्या निम्माच मिळतो. एक जरी विषय वर्गात बसून केला तरी ही कात्री लागत नाही. म्हणून जाणते लोक एक विषय जवळच्या महाविद्यालयात घेतात आणि बाकीचे पडद्यावर.

पैशाच्या मागे धावणारे

२००८ साली ‘पोस्ट ९/११ जी. आय. बिल’ संमत झालं आणि १ ऑगस्ट २००९ पासून लागू झालं. ३६ महिन्यांचं शिक्षण, सरकारी विद्यापीठाची त्या राज्यातली पूर्ण फी, वर घरभत्ता. याशिवाय सेवेत असतानाच शिकणाऱ्यांना एका श्रेयांकामागे २५० डॉलरपर्यंत वेगळी मदत. इतका मोठा ओघ म्हटल्यावर त्याच्या काठावर दुकानंही उभी राहिली.

नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांना अमेरिकेत ९०-१० हा नियम आहे. केंद्र सरकारच्या विद्यार्थी-साहाय्यातून उत्पन्नाचा ९० टक्क्यांहून जास्त वाटा घ्यायचा नाही, किमान १० टक्के बाहेरून आणायचे. हेतू असा की शिक्षणात दम असेल तर कोणीतरी स्वतःच्या खिशातून पैसे देईलच. पण सैनिकांसाठीचा सरकारी पैसा या हिशेबात ‘बाहेरचा’ धरला जात असे. म्हणजे सैनिकाचा एक डॉलर आणला की दुसऱ्या सरकारी खात्यातून नऊ डॉलर घ्यायला वाट मोकळी. त्यामुळे सैनिकाच्या मागे लागणारे प्रवेश-दलाल तळांभोवती आणि रुग्णालयांभोवतीही फिरू लागले. तुमचे सगळे श्रेयांक चालतील, असं सांगून प्रवेश द्यायचा आणि नंतर ती पदवी बाहेर कोणी मानत नसे, असे अनुभव वाढले. २०१२ मध्ये सिनेट समितीच्या चौकशी अहवालाने हा कारभार उघड केला. २०१५ मध्ये कोरिंथियन कॉलेजेस कोसळली, २०१६ मध्ये आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट बंद पडली आणि हजारो माजी सैनिक अर्ध्या वाटेवर राहिले. ज्यांचं महाविद्यालयच बंद पडलं त्यांचे गेलेले महिने परत देण्याची तरतूद २०१७ च्या कायद्याने केली. त्या कायद्याला हॅरी कोलमेरींचंच नाव आहे. ९०-१० मधली पळवाट २०२१ च्या दुरुस्तीने बुजवली आणि ती दुरुस्ती २०२३ पासून अमलात आली.

यातून एक कसोटी हाती येते. जे महाविद्यालय सैनिकी अनुभवाचं बारकाईने मोजमाप करतं, कागद मागतं, काही श्रेयांक नाकारतं, ते बहुधा प्रामाणिक असतं. जे न पाहताच सगळं मान्य करतं, त्याला आपल्या अनुभवाशी नव्हे तर आपल्या पैशाशी काम असतं.

आपल्याकडे

आता भारताकडे वळू. आपल्याकडे सैनिकी प्रशिक्षणाला पदवीची जोड नवी नाही. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या छात्राला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. पण ही सोय अधिकारी होणाऱ्यांची. जवानाचं काय? साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून किंवा शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीतून पिढ्यान्‌पिढ्या जी मुलं भरती होत आली, त्यांच्यातला बहुतेक प्रत्येक जण दहावी-बारावीवर सैन्यात गेला. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये तो पूल बांधायला शिकला, अहिल्यानगरला रणगाडा चालवायला शिकला, नाशिक रोडला तोफखान्याचं काम शिकला. पेन्शनवर गावी आला तेव्हा वय चाळिशीच्या आतबाहेर आणि शिक्षणाच्या रकान्यात पुन्हा दहावी-बारावीच.

या माणसासाठी केंद्र सरकारने १९८६ मध्ये एक नियम केला. दहावी झालेल्या आणि १५ वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला, ज्या गट ‘क’ पदांना पदवी लागते पण तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव अत्यावश्यक नाही, अशा पदांसाठी पात्र धरावं, असा तो नियम. अनेक घरांना त्याने आधार दिला. पण गावोगाव एक गैरसमज रुजलेला आहे, तो दूर व्हायला हवा. या नियमाखाली मिळणारं पदवी-समकक्ष प्रमाणपत्र म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. ते नोकरीच्या पात्रतेपुरतं आहे. ज्याला पुढे शिकायचं आहे, त्याने खरी पदवीच घ्यावी. सेवेच्या वर्षांवर ठोक सवलत द्यायची, हा या नियमाचा गाभा आहे. शिकलेल्या गोष्टीचं मोजमाप त्यात नाही.

मोजमापाची वाट इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, म्हणजे इग्नूने, धरली. भूदलाबरोबर ‘ज्ञानदीप’ नावाचा उपक्रम त्यांनी केला होता, तो सेवेतल्या प्रशिक्षणाला शैक्षणिक मान्यता देण्यासाठीच. १४ जून २०२२ रोजी चार वर्षांसाठी सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी शिक्षण मंत्रालयाने अग्निवीरांसाठी तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी जाहीर केली. पदवीचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणातून आणि निम्मे इग्नूच्या विषयांतून, अशी तिची रचना आहे. भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, लोकप्रशासन, वाणिज्य, पर्यटन, शेती असे विषय निवडता येतात. शिवाय पर्यावरण आणि इंग्रजी संभाषणकौशल्य. पहिल्या वर्षाचे विषय पूर्ण झाले तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी, अशी मधेच थांबण्याचीही सोय आहे. दहावीवर भरती झालेल्यांना बारावी करता यावी म्हणून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने वेगळी वाट केली आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पाव अग्निवीर कायम सेवेत जाणार आहेत. उरलेल्यांच्या हाती सेवानिधीसोबत पदवीही असणं, ही चैन नव्हे, गरज आहे.

पायाभूत चौकटही आता तयार आहे. २०२१ मध्ये ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. कुठेही मिळवलेले श्रेयांक तिथे खात्यावर जमा होतात. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक आणि वर्षाला ४० श्रेयांक असं माप ठरवलं. शाळा, महाविद्यालय, कौशल्य प्रशिक्षण आणि कामाचा अनुभव या सगळ्यांना तेच माप लावण्याची त्यात कल्पना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांना नियमित पदवीच्या बरोबरीचं स्थानही दिलं आहे.

उणीव आहे ती एका गोष्टीची. आपल्याकडची वाट मुख्यतः अमुक विद्यापीठाशी झालेल्या करारातून जाते. अमेरिकेत टटल यांच्या सूचीने जे केलं, ते काम इथे व्हायला हवं. खडकीच्या अमुक ट्रेडचा कोर्स म्हणजे अमुक पातळीचे इतके श्रेयांक, नाशिक रोडचा अमुक कोर्स म्हणजे इतके, अशी उघड, सर्वांना पाहता येईल अशी सूची असावी. प्राध्यापकांनी ती तपासलेली असावी आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठापासून कोणत्याही विद्यापीठाला ती वापरता यावी. यशवंतराव १९६२ च्या युद्धाच्या वेळी देशाचे संरक्षणमंत्री झाले. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने या कामात पुढाकार घेणं उचितच ठरेल.

जवानाने करायच्या गोष्टी

धोरण येईल तेव्हा येईल. सेवेत असलेल्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाने आज काय करावं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, कागद. प्रत्येक कोर्स, कॅडर, ट्रेड परीक्षा आणि वर्गवाढ यांची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवानोंदीचा आदेश, निघाली आहे ना, ते सेवेत असतानाच पाहावं. कोर्सच्या प्रमाणपत्रावर तास आणि विषय लिहिलेले असले तर उत्तम. रेकॉर्ड ऑफिसशी पाच वर्षांनी पत्रव्यवहार करण्यापेक्षा युनिटमधल्या क्लार्ककडून आज प्रत घेणं सोपं जातं.

दुसरी, क्रम. आधी काय व्हायचं ते ठरवावं, मग पदवी, मग विद्यापीठ. श्रेयांक जास्त मिळतात म्हणून नको असलेली पदवी घेऊ नये. आणि हवी असलेली पदवी घेताना किती श्रेयांक मान्य होतील एवढंच विचारू नये. त्यातले किती माझ्या पदवीला लागू होतील, माझे विषय किती उरतील, हे विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

तिसरी, मान्यता. ऑनलाइन किंवा दूरस्थ अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी कोणत्या संस्थेला, कोणत्या अभ्यासक्रमासाठी आहे, याची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडे असते. फी भरण्याआधी ती पाहावी. अनुभवावर घरबसल्या महिन्याभरात पदवी देतो, असं म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

चौथी, उरलेला अभ्यास. सैन्यातलं प्रशिक्षण हात घडवतं, शिस्त घडवतं, पण सलग लिहिण्याची आणि पुस्तक पचवण्याची सवय सुटलेली असते. म्हणून पहिल्या सत्रात एकच विषय घ्यावा आणि तो भाषेचा असावा. पुढचे सगळे विषय त्यावर उभे राहतात. गावातल्या वाचनालयाचं, तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचं दार ठोठावायला संकोच करू नये.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शन आणि शिष्यवृत्त्यांसाठी लोक जातात. शिक्षणाच्या चौकशीसाठीही जावं, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनीही ही माहिती आपल्याकडे तयार ठेवावी. घरात, भावकीत, शेजारी कोणी माजी सैनिक असेल, कोणी अग्निवीर सुट्टीवर आला असेल, तर त्याला हे प्रकरण वाचायला द्या. तो जे शिकून आला आहे त्याचं प्रामाणिक मोजमाप होणं ही देशाने त्याच्यावर केलेली कृपा नाही, तो त्याचा हक्क आहे. आणि तो हक्क मागायला त्याची डिस्चार्ज बुक, कोर्सची प्रमाणपत्रं आणि एक स्पष्ट प्रश्न, एवढं पुरेसं आहे.